सायरन बंद करायला किल्ली कोणाकडे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरं आणि दुकानांमधल्या अलार्मसाठी होऊ घातलेल्या नियमांची बातमी कालच्या अंकात वाचली. दोनदा वाचली. नोंदणी, वार्षिक शुल्क, तीन खोट्या इशाऱ्यांपर्यंत माफी, चौथ्यापासून दंड. बातमीदाराने सगळं नीट दिलं आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण रात्री दोन वाजता वाजत सुटलेला सायरन कोणी येऊन बंद करायचा, याबद्दल त्या मसुद्यात एक ओळही नाही, आणि कालपासून माझा संताप आवरत नाही.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक कार्यालय आहे. मागच्या महिन्यात सलग तीन दिवस सुट्टी होती, शटर खाली. पहिल्याच रात्री वीज गेली. वीस मिनिटांत आलीही, पण तेवढ्यात अलार्मच्या पॅनेलमधल्या बॅटरीने मान टाकली होती. पावणेदोनला सायरन सुरू झाला.

माझे वडील ८४ वर्षांचे आहेत. त्यांनी कारखान्यात ३१ वर्षं पाळ्या केल्या. अलीकडे त्यांना दिवस-रात्रीचा मेळ लागत नाही. सायरन वाजला तसे ते उठले, अंधारातच खुंटीवरचा शर्ट काढला आणि वरून खाली एकेक बटण लावू लागले. "भोंगा झाला, पाळी चुकेल," एवढंच म्हणत होते. हात धरून बसवलं, समजूत घातली. दहा मिनिटांनी आवाज थांबला. त्यांचा डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा सुरू. पुन्हा शर्ट, पुन्हा बटणं. पहाटेपर्यंत असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी ते दाराशी बसून चपला चाचपत रडत होते, कारण मी त्यांना कामावर जाऊ देत नव्हतो.

पोलिसांना फोन केला. दोघं आले, शटरचं कुलूप हलवून पाहिलं, खिडक्यांवर टॉर्च मारला. कुलूप शाबूत आहे, आम्हाला ते तोडता येणार नाही, म्हणाले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मालकाचा नंबर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता. सायरनच्या डब्यावर एक नंबर होता, पण उन्हाने त्याचे शेवटचे दोन आकडे उडालेले. शेजारचा मुलगा शिडी लावून वायर कापायला निघाला, त्याला मीच अडवलं. अशा कित्येक डब्यांमध्ये आत वेगळी बॅटरी असते. वायर तुटली की ती चोरानेच तोडली असं धरून डबा उलट वाजतच राहतो.

मालक दुसऱ्या दिवशी दुपारी आले. बाहेरगावी होते, त्यांनी मनापासून माफी मागितली. तंत्रज्ञाने पॅनेल उघडलं तर बॅटरी फुगून डब्यात घट्ट बसली होती. या बॅटऱ्या साधारण तीन ते पाच वर्षांत बदलायच्या असतात. हिच्यावरच्या चिठ्ठीवर सात वर्षांपूर्वीची तारीख होती.

आता नव्या नियमांत ही रात्र कशी मोजणार? एक खोटा इशारा, म्हणजे माफीतला पहिला. अशा अजून दोन रात्री त्या मालकांना फुकट आहेत.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ साली कायदा झाला. तिथल्या स्थानिक परिषदेने एखादा भाग त्यासाठी जाहीर केला की तिथे अलार्म लावणाऱ्याला किल्ली सांभाळणारा माणूस नेमून त्याची माहिती परिषदेला कळवावी लागते. तो माणूस जवळपास राहणारा हवा, त्याच्याकडे किल्ल्या हव्यात, अलार्म कसा बंद करायचा हे त्याला माहीत हवं आणि या कामाला त्याची संमती हवी. सायरन सलग २० मिनिटांहून जास्त किंवा थांबून थांबून तासाभराहून जास्त वाजला, तर परिषदेच्या अधिकाऱ्याला आवारात जाऊन तो बंद करता येतो. कुलूप तोडायची वेळ आली तर न्यायदंडाधिकाऱ्याचं वॉरंट लागतं. थांबून थांबून वाजणारा सायरनसुद्धा त्यांनी धरला आहे, हे वाचून मला बरं वाटलं. ते लिहिणाऱ्यांपैकी कोणीतरी अशी रात्र काढलेली असणार.

तुमच्या बातमीत अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटी या शहराचा दाखला आहे. तिथे २००० सालापासून प्रत्यक्ष कोणी जाऊन खात्री केल्याशिवाय चोरीच्या अलार्मवर पोलीस धावत नाहीत आणि त्यांच्या फेऱ्या खूप कमी झाल्या. पोलिसांची सोय झाली, चांगलंच आहे. पण वरच्या मजल्यावर झोपलेल्या माणसाच्या कानातला आवाज त्याने थांबत नाही.

परवा रात्री खालचा सायरन पुन्हा वाजला, दोन-तीन मिनिटंच. मी खिडकीशी गेलोसुद्धा नाही. वडिलांच्या खोलीचं दार लावलं आणि उशी कानावर घेतली. खरोखर कोणी शटर उचकटत असतं तरी मला कळलं नसतं. याची मला लाज वाटते, पण आमच्या इमारतीत आता सगळ्यांचं हेच झालंय.

शुल्क घ्या, दंडही घ्या. पण मसुद्यात तीन गोष्टी घाला: जवळ राहणारा किल्लीवाला, त्याचा नंबर शटरवर रस्त्यावरून वाचता येईल इतका मोठा, आणि ठरावीक मिनिटांनी आपोआप गप्प होऊन त्या रात्री परत न उठणारा सायरन. हे शेवटचं बहुतेक पॅनेलमध्ये बसवतानाच ठरवून देता येतं. कोणी देत नाही, कारण कोणी विचारत नाही.

लिहितोच आहे तर आमच्या इमारतीतल्या आगीच्या अलार्मचंही सांगतो. तो दोनदा उगाच वाजला म्हणून कोणीतरी त्याचा आवाज बंद करून ठेवला आहे. जिन्यापाशी पॅनेलवर बिघाडाचा पिवळा दिवा गेले पाच महिने जळतो आहे. मी समितीला दोनदा लेखी कळवलं, उत्तर नाही. आग लागली तर वडिलांना चार मजले उतरवायला मला बराच वेळ लागेल, आणि तो वेळ मला त्या अलार्मनेच द्यायचा आहे.

आपला,
एक वाचक