पिवळ्या कुर्त्यातील स्वयंसेवकास

सप्रेम नमस्कार.

आपले नाव विचारायचे राहून गेले, ही माझी चूक. नरक चतुर्दशीच्या पहाटे, पुण्यातील आपल्या दिवाळी पहाट कार्यक्रमाच्या दारातून व्हीलचेअरवरील ज्या वृद्ध गृहस्थांना आपण आत नेलेत, त्यांचा मी मुलगा.

गेल्या दिवाळीत दुसऱ्या एका ठिकाणी जे घडले ते सांगितल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. पास हातात असूनही तेथील संयोजकांनी व्हीलचेअर बाहेर ठेवायला लावली, ‘यांना एवढ्या पहाटे कशाला आणलंत?’ असे बाबांच्या देखत मला विचारले आणि त्यांना शेवटच्या रांगेमागे एका खांबाआड बसवले. पुढचे सोफे मात्र निमंत्रितांची वाट पाहत उजाडेपर्यंत रिकामेच होते. मग शाल-श्रीफळांचे सत्कार इतके लांबले की गायिकेने रागगायन बाजूला ठेवून थेट भजनांना सुरुवात केली. आपल्याकडच्या बहुतेक मैफली संध्याकाळच्या. ललत, भटियार, अहिर भैरव हे पहाटेचे राग त्यांच्या वेळेला समोर बसून ऐकण्याचा योग वर्षातून एखाद्या वेळीच येतो, आणि तोही हारतुऱ्यांत घालवणाऱ्यांना रसिक म्हणवून घेण्याची भारी हौस असते.

त्यामुळे या वर्षी बाबा यायलाच तयार नव्हते. साडेतीनला उठून, उटणे लावून आंघोळ झाल्यावर कसेबसे तयार झाले. दाराशी पायऱ्या होत्या. आपण आणि आपल्या सहकाऱ्यांनी खुर्ची उचलून आत नेलीत, त्याबद्दल आभार आहेतच. परंतु हे पत्र आहे ते त्यानंतरच्या एका प्रश्नासाठी. आपण गुडघ्यावर बसलात आणि माझ्याकडे न पाहता बाबांना विचारलेत, ‘आजोबा, तुम्हाला कुठून ऐकायला आवडेल?’

अर्धांगवायूनंतर गेली तीन वर्षे बाबांविषयीचे सगळे प्रश्न लोक मला विचारतात. त्यांची जीभ जड झाली आहे, उत्तराला वेळ लागतो. मागे रांग खोळंबली होती म्हणून मी मध्ये बोलणार होतो, तेव्हा आपण नुसता हात वर करून मला थांबवलेत. अखेर बाबा म्हणाले, ‘तबलजीचा डावा हात दिसेल तिथून.’

आपण कारण विचारले नाहीत. ते आता सांगतो. बँकेतील नोकरी सांभाळून बाबांनी चाळीस वर्षे हौसेने तबला वाजवला, आणि आता त्यांचा डावा हात उचलत नाही. गायकाच्या उजव्या हाताला, म्हणजे आमच्या डावीकडे, तबलजी गायकाकडे वळून बसणार हे हेरून आपण त्यांना प्रेक्षागृहाच्या उजव्या बाजूला नेलेत, कडेची एक खुर्ची हलवलीत आणि दुसऱ्या कोणाला तरी मदत करायला निघूनही गेलात.

तंबोऱ्यांत पंचम, म्हणजे ‘प’ हा स्वर, नाही हे ऐकताच, गायकाने तोंड उघडण्यापूर्वीच, बाबा म्हणाले, ‘ललत.’ त्या रागात पंचम लागतच नाही. विलंबित एकतालाच्या बाराही मात्रा ते नजरेने मोजत होते. डाव्या हाताने वाजवायच्या डग्ग्यावर मनगट घासत काढलेला घिस्सा आला की त्यांच्या उजव्या हाताचे बोट व्हीलचेअरच्या हातावर हळूच सरके. मी गाणे कमी ऐकले आणि ते बोटच अधिक पाहिले, हे कबूल करतो.

गोड बोलणारे संयोजक आम्हाला गेल्या वर्षीही भेटले होते. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येईपर्यंत थांबणारी माणसे मात्र दुर्मीळ असतात, आणि दारात गर्दी तिष्ठत असताना थांबणारी तर फारच. आपल्या घरच्यांनी आपल्याला हे शिकवले असेल, तर त्यांनाही माझा नमस्कार सांगावा.

घरी फराळाचे ताट समोर असताना बाबांनी एक निरोप दिला आहे, तो जसाच्या तसा कळवतो: ‘द्रुत लयीत डग्गा किंचित उतरला होता. त्या तबल्यावरच्या मुलाला सांगा, पुढच्या वर्षी हातोडी जवळ ठेव म्हणावं.’

आपला नम्र,
उजव्या बाजूच्या कडेचा एक श्रोता