खुर्चीतला तास सोपा, मधले महिने अवघड

प्रिय विनू,

दाताचं इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून घ्यायचं म्हणतोस आणि धास्ती घेतली आहेस ती हाडात ड्रिल करण्याची. माझं झालंय म्हणून सांगतो, तो भाग अगदीच निभतो. भूल चढली की दुखत नाही. दाब जाणवतो, डोकंभर घरघर ऐकू येते आणि तोंडात सारखं पाणी सोडत राहतात. हाड तापू नये म्हणून ते पाणी. ४७ अंशांच्या वर मिनिटभर जरी तापलं तरी हाडाला इजा होते. मला तर दाढ काढतानाच जास्त त्रास झाला होता.

जीव काढतं ते नंतरचं थांबणं. स्वीडनचे संशोधक डॉक्टर ब्रोनेमार्क यांनी १९५० च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवलं होतं, ते पुढे निघेचना. हाडाने ते धरून ठेवलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. तुझ्या जबड्यातही तेच व्हायचं आहे. त्याला साधारण तीन ते सहा महिने लागतात, वरच्या जबड्याचं हाड भुसभुशीत म्हणून तिथे बहुधा जास्त. हाड कमी भरलं आणि ग्राफ्ट, म्हणजे हाडाची भर, करावं लागलं, तर आणखी काही महिने धर. कुणाकुणाला त्याच दिवशी तात्पुरता दात लावतात, पण तो दिसण्यापुरता. त्याने चावायचं नाही.

आधी थ्रीडी स्कॅन करतील. खाली नस कुठून जाते, वर सायनस, म्हणजे नाकाशेजारची पोकळी, किती जवळ आहे, हे त्यात कळतं. तरीही भूल उतरायची वेळ टळून गेली आणि ओठ बधिरच राहिला, तर त्या नसेला धक्का लागलेला असू शकतो, तेव्हा सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन कर. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, तिला घाबरू नकोस.

गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेव. रक्त पातळ करणाऱ्या आणि हाडं ठिसूळ होतात म्हणून घ्यायच्या, दोन्ही. स्वतःच्या मनाने एकही बंद करायची नाही. साखर ताब्यात हवी. आणि सिगारेट! यावरून आपण पूर्वी भांडलोय, आता पुन्हा भांडणार. धुरामुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि इम्प्लांट सुटण्याची शक्यता वाढते. एवढा खर्च करून ती ओढायची असेल तर करूच नकोस, ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवायचा दात, करून घे.

शेवटी इम्प्लांटवर कॅप, म्हणजे वरचा दात, लागल्यावर चावणं थोडं परकं वाटेल. खऱ्या मुळाभोवती बारीक तंतू असतात, ते इथे नाहीत. किती जोरात चावतोय ते नीट कळत नाही. कॅप उंच वाटली तर परत जाऊन घासून घे, सवय होईल म्हणून बसू नकोस. या दाताला कीड लागत नाही, पण भोवतालची हिरडी बिघडते आणि खालचं हाड न दुखता झिजतं. त्यामुळे रोज फटीत फिरवायचा छोटा ब्रश आणि ठरल्या वेळी तपासणी, दोन्ही कायमचं.

स्कॅनमध्ये हाड किती निघालं ते लगेच कळव. ग्राफ्ट सांगितलं तर हो म्हणण्याआधी मला फोन कर.

तुझा,
बाळू