रिपोर्ट सोमवारी मिळेल : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

लॅबच्या नव्या इमारतीची फीत कापताना तुम्ही म्हणालात, ‘आता तपासण्या चोवीस तास.’ टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. मागे एका शुक्रवारी रात्री त्याच लॅबच्या खिडकीशी मी धापा टाकत उभा होतो. खिडकी बंद. काचेतून मशीन दिसत होतं, वरचं प्लॅस्टिकही न निघालेलं.

माझ्या पोटात आईची किडनी आहे. शरीरानं ती नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड रोज घेतो. याच गोळ्यांमुळे न्यूमोनिया झाला तरी आमच्यासारख्यांना ताप फणफणून येईलच असं नाही. मला होता ९९.८. ड्यूटीवरच्या पोरानं (त्याला दोष देत नाही, डोळे तारवटले होते बिचाऱ्याचे) कर्ब-६५चे, म्हणजे न्यूमोनिया किती गंभीर ते ठरवायचे, गुण मोजले. वय ४१, शून्य. श्वास मिनिटाला २८, तिसाच्या आत, म्हणून शून्य. युरिया वाढलेला, पण ‘तुमचा तसाही असतोच’. चला, घरी.

रक्त मात्र घेतलं होतं. नळीला रबरबँडनं चिठ्ठी बांधून ती ट्रेमध्ये ठेवलेली, माझ्या डोळ्यांसमोर. प्रोकॅल्सिटोनिन (जिवाणूंचा संसर्ग झाला की रक्तात वाढतं ते) बाहेर पाठवतात, रिपोर्ट सोमवारी. सीआरपी, शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन? किट संपलंय. महोदय, सीआरपी १९३० साली सापडलं तेच न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात! इतक्या वर्षांत किट तरी पोचायला हवं होतं.

एका आकड्यावरून कुणाचं भविष्य सांगता येत नाही, हे मलाही कळतं. किडनी अधू असली की प्रोकॅल्सिटोनिन आधीच थोडं चढलेलं असतं, स्टेरॉइडनं न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात. म्हणून तर आज किती, परवा किती, उतरतंय की चढतंय, हे बघायचं असतं. आणि लिम्फोसाइट, दुसऱ्या पांढऱ्या पेशी? त्या साध्या सीबीसीत, रक्तपेशींच्या मोजणीत, छापून आल्या होत्या, ४ टक्के. अल्ब्युमिन, रक्तातलं प्रथिन, २.४. दोन्ही फार कमी, धोक्याच्या खुणा. कागद फाइलला लावला, वाचला कुणीच नाही.

रविवारी पहाटे मला उचलून आणलं तेव्हा ऑक्सिजन ८२ होता. सोमवारी रिपोर्ट वेळेवर आला, मी तेव्हा व्हेंटिलेटरवर होतो.

वॉर्डात ट्रान्सप्लांटचे आम्ही ४ जण, तिघांचे रिपोर्ट उशिरा. म्हणजे ७५ टक्के. तुमच्या भाषणातल्या टक्केवारीइतकाच पक्का आकडा समजा.

मागणं फार नाही. ट्रान्सप्लांटच्या रोग्याला खोकला-धाप असेल तर या तपासण्या त्याच रात्री, आणि ४८ तासांनी पुन्हा. पण तुमच्या खात्याला इमारत दिसते, रात्रपाळीचा टेक्निशियन दिसत नाही. मशीनचं टेंडर निघतं, किटचं अडकतं. ट्रान्सप्लांट झाला की फोटो, नंतर जगायचं आमचं आम्ही. फायलींना मात्र कधी धाप लागत नाही.

माझं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की हा आकडा चढतो) १.३ होतं, आता ३.१ आहे, हलायला तयार नाही. आई रोज विचारते, ‘किती आलं रे?’ काल मी तिला १.८ सांगितलं.

आपला,
एक रोगी (आणि मतदार)