टाकाऊ वस्तू मैदानात पुरण्याआधी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गोल्फच्या मैदानाच्या उभारणीत राडारोडा, फुटकी काच, जुने टायर वापरल्याचे कौतुक करणाऱ्या बातम्या अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. टाकाऊतून टिकाऊ घडले की काम फत्ते, असा त्यांचा एकंदर सूर असतो. मैदानांच्या देखभालीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला मात्र त्यांत एक गोष्ट हटकून राहून गेलेली दिसते. ती वस्तू जिथे पुरली तिथून पावसाचे आणि सिंचनाचे पाणी पुढे कुठे जाते, हे कुणी सांगत नाही. पुनर्वापराला माझा विरोध नाही. कोणती वस्तू कुठे घालायची हे त्या पाण्याच्या वाटेवरून ठरवावे, एवढेच या पत्रातून मांडायचे आहे.

मला हा धडा खेळाडूंना नेणाऱ्या छोट्या गाडीच्या, म्हणजे कार्टच्या, एका रस्त्याने दिला. खडीऐवजी त्याखाली आम्ही फोडलेले काँक्रीट घातले होते. रस्ता छान बसला, पुढेही कधी खचला नाही. पण तिसऱ्या पावसाळ्यात शेजारच्या फेअरवेवर (खेळाच्या वाटेवरच्या आखूड कापलेल्या गवतावर) पाणी तुंबू लागले, म्हणून निचऱ्याची नळी उकरली, तर ती बाहेरून धडधाकट आणि आतून मात्र तिची भोके पांढऱ्या, दगडासारख्या थराने पार बुजलेली. त्यातली एक कपची काढून तिच्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकले, तसा फेस उसळला. काँक्रीटमधला मोकळा चुना पाण्यात विरघळून नळीपर्यंत पोहोचला होता आणि तिथे हवा लागताच कार्बोनेट होऊन थिजला होता. यात काँक्रीटचा दोष नव्हता. त्यातून झिरपणारे पाणी आम्हीच गवताच्या निचऱ्यात सोडले होते.

ग्रीनच्या, म्हणजे चेंडू ज्या भोकात घालायचा त्याभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीच्या, बाबतीत तर अशी चूक अजिबात परवडत नाही. युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशनने १९६० साली प्रसिद्ध केलेली ग्रीनची रचना आज जगभर वापरली जाते. तिच्यात वर सुमारे ३० सेंटिमीटर वाळूचा थर, खाली सुमारे १० सेंटिमीटर खडी आणि त्याखाली निचऱ्याच्या नळ्या असतात. बारीक थरातले पाणी भरड थरात सहजासहजी उतरत नाही, ते सीमेवर अडून राहते आणि मुळांना पुरते. पाऊस जास्त झाला की मात्र ते खाली निघून जाते. हा सगळा खेळ कणांच्या आकाराचा आहे. म्हणूनच वरच्या थरातल्या वाळूचे किमान ६० टक्के कण पाव ते एक मिलिमीटरच्या दरम्यान असावेत, अशी अट असते. दळलेली काच या चाळणीतून उतरली तर ती वाळूचे काम करू शकते. वाळूइतकी बारीक केल्यावर तिच्या कडा बोथट होतात. शंका असेल त्याने मूठभर काच दाबून पाहावी. पण बाटल्यांवरचा कागद, डिंक आणि आतल्या साखरेचा अंश धुऊन काढलेला नसेल, तर ढिगाला आठवडाभरात आंबूस वास सुटतो. काच स्वतः ना पाणी धरते ना खत, त्यामुळे मी तरी ती आधी बंकरमध्ये (खेळात अडथळा म्हणून ठेवलेल्या वाळूच्या खड्ड्यांत) आणि रस्त्याच्या थरात वापरेन. ग्रीनमध्ये प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय नाही.

टायरचे प्रकरण जास्त नाजूक आहे. रबराचा चुरा गवताच्या बुंध्याशी पसरला तर पायांखाली आणि चाकांखाली गवत कमी चिरडते, हे अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या संशोधनाने १९९०च्या दशकात दाखवून दिले, आणि त्यात तथ्य आहे. मात्र टायरच्या रबरात वजनाच्या सुमारे १ ते २ टक्के झिंक ऑक्साइड असते आणि त्यातले जस्त हळूहळू पाण्यात उतरते. शिवाय टायर लवकर तडकू नये म्हणून घातलेल्या रसायनापासून तयार होणारा एक पदार्थ कोहो सामन माशांना मारतो, हे २०२० साली प्रसिद्ध झाले. मैदानातले पाणी जर तळ्याकडे किंवा ओढ्याकडे वाहत असेल, तर खडीच्या जागी टायरचे तुकडे भरण्याचा मोह आवरलेला बरा. बंकरच्या भिंतींना रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर लावण्याची जुनी स्कॉटिश रीत मैदानांचे रचनाकार पीट डाय यांनी अमेरिकेत रूढ केली. ते दिसतात देखणे, पण लाकूड कुजू नये म्हणून त्यात मुरवलेले क्रिओसोट हे डांबरी तेल पाण्याजवळ नको.

जिथे हा विचार आधी झाला, तिथे पुनर्वापर शोभून दिसतो. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील अ‍ॅनाकोंडा येथे तांबे वितळवण्याच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर नामवंत गोल्फपटू जॅक निकलॉस यांनी आखलेले ‘ओल्ड वर्क्स’ मैदान १९९७ साली खुले झाले. तिथे दूषित जमीन चुना आणि स्वच्छ मातीच्या थरांखाली झाकली आणि भट्टीतला काळा स्लॅग (धातू काढल्यावर उरलेली मळी) बंकरमध्ये वाळू म्हणून भरला. वॉशिंग्टन राज्यातील ‘चेंबर्स बे’ तर वाळू-खडीच्या जुन्या खाणीतच उभे राहिले. तिथलीच वाळू चाळून त्यासाठी वापरली गेली, आणि २००७ साली खुल्या झालेल्या त्या मैदानावर २०१५ची गोल्फची यूएस ओपन स्पर्धा झाली.

या मोठ्या उदाहरणांपेक्षा मला रोजचे टाकाऊ महत्त्वाचे वाटते, कारण ते मैदानातच तयार होते आणि त्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक असते. फेअरवेवरचे कापलेले गवत तिथेच पडू दिले तर त्यातले नत्र जमिनीला परत मिळते. वाळलेल्या गवतात ते साधारण ४ टक्के असते. ग्रीनवरचे गवत उचलावेच लागते, नाहीतर चेंडूची चाल बिघडते. त्याचा नुसता ढीग कुजून घाण येते, पण त्यात सुका पाला आणि लाकडाचा भुसा मिसळला की काही महिन्यांत काळे, भुसभुशीत कंपोस्ट हाती येते. मातीत हवा खेळावी म्हणून पोकळ दात्यांच्या यंत्राने ग्रीनमधून काढलेल्या बोटभर मातीच्या कांड्याही बहुतेक ठिकाणी ट्रॉलीत भरून फेकल्या जातात. त्या एका सपाट तुकड्यावर पसरून पाणी देत राहिले, तर त्याच गवताची रोपवाटिका तयार होते आणि पुढे ग्रीनवरचे टक्कल बुजवायला नेमके त्याच जातीचे, त्याच वाळूत वाढलेले गवत मिळते. यासाठी बाहेरून काही आणावे लागत नाही, बातमी होण्यासारखेही त्यात काही नाही.

बाहेरून आणलेल्या खताचे मात्र तसे नाही. मैला पाण्याच्या गाळापासून केलेल्या खताला अमेरिकेतील मिलवॉकी शहराने १९२६ पासून बाजार मिळवून दिला आणि सुरुवातीचे गिऱ्हाईक गोल्फची मैदानेच होती. आता अशा खतांत पीएफएएस या सहजी न विघटणाऱ्या रसायनांची तपासणी मागितली जाते, आणि ती मागणी रास्त आहे.

तेव्हा यापुढे अशा एखाद्या मैदानाची बातमी आपल्या वृत्तपत्रात येईल, तेव्हा किती टन कचरा वाचला या आकड्याबरोबर त्या मैदानाच्या निचऱ्याचे तोंड कुठे उघडते आणि तिथले पाणी शेवटचे कधी तपासले, हे दोन प्रश्नही आपल्या वार्ताहरांनी विचारावेत, ही विनंती.

आपला विश्वासू,
मैदान देखभालीतील एक कर्मचारी