नगरधनची पांढर

नागपूर,
दि. ७ डिसेंबर

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

पाँपेई पाहून आल्यावर लिहिलेले तुझे पत्र मिळाले. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेलेले आणि १७४८ पासून हळूहळू उकरून काढलेले ते नगर पाहून तू भारावलास, हे साहजिकच आहे. परंतु "एवढे मोठे शहर लोक विसरतात तरी कसे?" असा प्रश्न करून वर "आपल्या विदर्भात असले काही नाही" अशी जी पुस्ती तू जोडली आहेस, ती वाचून मला गप्प बसवेना. गेल्या रविवारी रामटेकची एसटी धरली आणि नगरधनला जाऊन आलो.

शाळेच्या सहलीत आपण तेथला किल्ला पाहिला होता, आठवते ना? बुरुजाच्या सावलीत डबे उघडले आणि आपले पाहणे तेवढ्यावरच संपले. आजूबाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेते, असलेले ते गाव म्हणजेच वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, हे तेव्हा आपल्याला कोणी सांगितले नाही. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची मुलगी प्रभावतीगुप्ता या घराण्यात सून म्हणून आली. पती दुसरा रुद्रसेन अकाली वारला आणि मुले अज्ञान, तेव्हा राज्यकारभार तिनेच हाती घेतला. तिचा नंदिवर्धनाहून दिलेला ताम्रपट कोठे मिळाला म्हणशील, तर तू राहतोस त्या पुण्यात, एका तांबटाकडे! त्यात तिने सासरची नव्हे, तर माहेरची वंशावळ आधी सांगितली आहे. आपल्याकडच्या कितीतरी बायकांची आठवण व्हावी, असा हा बाणा आहे.

२०१५ नंतर डेक्कन कॉलेज आणि राज्याचा पुरातत्त्व विभाग यांनी येथे उत्खनन केले, त्यात याच राणीच्या नावाचा मातीचा ठसा मिळाला. तो बोटांच्या चिमटीत धरता येईल एवढा लहान आहे आणि त्यावर ब्राह्मी अक्षरे व शंख आहे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. नंदिवर्धन कोणी विसरले, असे मला वाटतच नाही. तोंडी वापरून झिजता झिजता त्या नावाचे नगरधन झाले, एवढेच. पुसला गेला तो फक्त त्या नावाचा आणि ताम्रपटातील नावाचा संबंध. तो पुन्हा जोडायला ब्राह्मी वाचणारा माणूस लागतो. पाँपेईवर एका दिवसात संकट कोसळले, तसे येथे काही घडले नाही. प्रभावतीगुप्तेच्या मुलाने, दुसऱ्या प्रवरसेनाने, राजधानी प्रवरपुराला नेली. दरबार हलला की सोनार, लेखक, व्यापारीही त्याच्या मागे जाणारच. ते प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार, असे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींचे मत होते. पुढे रामटेकजवळच्या मनसरच्या टेकडीवरील उत्खननात 'प्रवरेश्वर' नावाचे ठसे मिळाल्यावर अनेक अभ्यासकांचा कौल मनसरकडे झुकला. तेथील लोक मात्र त्या टेकडीला हिडिंबा टेकडी म्हणत आले आहेत. जुने, प्रचंड आणि अगम्य दिसले की आपली माणसे ते महाभारताच्या खात्यावर मांडून मोकळी होतात.

मागे राहिलेल्यांचा व्यवहारही साधा असतो. गावात एका घराच्या ओट्याला, आजच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट लांबीची वीट बसवलेली दिसली. तिच्या पाठीवर ओल्या मातीत बोटे ओढल्याच्या तीन रेषा होत्या आणि त्यांत चुना भरला होता. मी वाकून पाहतो आहे हे बघून भांडी घासणारी आजी म्हणाली, "काय पाहून राह्यला बाप्पा? पांढरीत कुठंबी खणा, निघतेच ते." मी काही पुरातत्त्वज्ञ नव्हे, त्यामुळे विटेचे वय सांगण्याचा मोह आवरला. पण पाहा, जुन्या वस्तीच्या मातीला 'पांढर' हा शब्द त्या आजीजवळ तयार होता. तुला ठाऊकच असेल, आपल्या जिल्ह्याच्या गावांच्या यादीत उजाड गावांपुढे अजूनही 'रिठी' असे लिहिलेले असते. माणूस नसलेल्या गावाचीही नोंद ठेवणाऱ्या मुलखात शहर हरवणे तितके सोपे नाही.

हडप्पाचेही थोडे असेच आहे. १९२१ मध्ये दयाराम साहनींनी तेथे उत्खनन सुरू केले, त्याच्या कितीतरी आधी लाहोर-मुलतान रेल्वेच्या रुळांखाली तेथल्या विटा खडी म्हणून पडल्या होत्या. विटा सर्वांना दिसत होत्या. त्या किती जुन्या आहेत, हे मात्र १९२४ मध्ये पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी जाहीर केल्यावर जगाला कळले.

निघताना आजीने विचारले, "खोदणारे पुन्हा येणार हायेत का? आमची एक बांधी तिकडंच हाये." तिच्या आवाजात उत्सुकता नव्हती, काळजी होती.

जानेवारीत ये. सकाळी मनसर, दुपारी नगरधन आणि संध्याकाळी रामटेकचा गड, असा बेत ठरवून ठेवतो. या वेळी किल्ला राहिला तरी चालेल, तो ओटा तुला दाखवायचा आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक