जो जास्त ओरडतो त्याचे पैसे आधी का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कर्जाला कंटाळून कुणी जीव दिला की पेपरात चार ओळींची बातमी येते अन् विषय संपतो, पण त्याच्या आधी कित्येक महिने त्या घरात काय चाललेलं असतं त्यावर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशोब लिहितो, राहायला अशोक चौकाच्या मागे. पगारवाटपाच्या टेबलावर बसावं लागतं त्यामुळे कुणाचा पगार हातात पडल्या पडल्या कुठे जातो ते समोर दिसतं. मला जे सांगायचंय ते एकच आहे. पैसे कमी पडले की आपण ज्याचा तगादा मोठा त्याला आधी देतो, ज्याची गरज मोठी त्याला नाही. दारात येऊन आवाज चढवणारा पहिला, फोनवर घाण बोलणारा दुसरा, आणि घरभाडं, लाईटबिल, पोरांची फी, आईची शुगरची गोळी हे काही ओरडत नाहीत म्हणून त्यांचा नंबर शेवटी. घर बसतं ते यानेच.

पगाराच्या संध्याकाळी आमच्या गेटबाहेर मोटरसायकली लागलेल्या असतात. पाठीला सॅक, हातात मोबाईल, त्यात नावांची यादी. कांडी मशीनवर (सूत गुंडाळायच्या मशीनवर) काम करणारी एक बाई पाकीट घेऊन निघते, डोक्यावरून पदर पुढे ओढते अन् मागच्या बाजूने जाता येतंय का बघते, तेवढ्यात एकजण मोठ्याने नावाने हाक मारतो, मुद्दाम मोठ्याने, की बाकीच्यांनी ऐकावं. ती पाकीट उघडते, तिथेच उभ्या उभ्या मोजून देते, उरलेलं न मोजताच कमरेला खोचते. तिने भाडं दिलेलं नसतं हे मला माहीत असतं कारण तिनेच सकाळी ॲडव्हान्स मागितलेला असतो. ही वसुलीची पोरं पण आपल्यातलीच आहेत, त्यांच्या डोक्यावर टार्गेट असतं, त्यांचाही पगार त्यावरच, हे मान्य. पण लाज वाटायला लावून पैसे काढायचे ही काही वसुलीची पद्धत होऊ शकत नाही, आणि नियमात पण ती बसत नाही.

आता अचानक आलेल्या बिलाचं बघा, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. आमच्याकडच्या एका जॉबरच्या (मागांची देखभाल करणाऱ्याच्या) सासऱ्यांना रात्री छातीत दुखायला लागलं, जवळच्या खासगी हॉस्पिटलमध्ये नेलं, स्टेंट टाकावा लागेल, आधी डिपॉझिट भरा. याने त्याच रात्री मोबाईलवरच्या ॲपवरून उचलले, सकाळी कमी पडले म्हणून ओळखीतल्या सावकाराकडून महिना दहा टक्क्याने घेतले, वर बायकोने बायकांच्या कर्जाच्या गटातून काढले. त्या धावपळीत योजनेचं नाव कोणी काढलंच नाही, हॉस्पिटलने तर नाहीच नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, अँजिओप्लास्टी, म्हणजे हाच स्टेंट टाकायचा उपचार, त्यात बसते, आणि ही योजना आता फक्त पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरती राहिलेली नाही, पांढऱ्या कार्डवाल्यांना पण आहे. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसवलेला असतो, त्याला गाठायचं, रेशनकार्ड अन् आधार दाखवायचं. कुठलं हॉस्पिटल योजनेत आहे ते १५५३८८ या नंबरवर विचारता येतं. दुसरं म्हणजे धर्मादाय, म्हणजे ट्रस्टचं हॉस्पिटल. त्यांना १० टक्के बेड निर्धन पेशंटला मोफत अन् १० टक्के बेड दुर्बल घटकाला सवलतीत द्यावे लागतात, वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन अन् ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो. हा दाखला आजारपण यायच्या आधी काढून घरात ठेवा, पेशंट आत असताना कोण तहसीलला रांगेत उभं राहणार?

बिल हातात आल्यावर पण लगेच सगळं भरायलाच पाहिजे असं नसतं. बिलाची फोड मागा, काय काय लावलंय ते वाचा, हप्ते पाडून मागा. लाईटबिल एकदम फुगून आलं तर आधी रीडिंग तपासायला अर्ज द्या अन् पोच घ्या. थकबाकीसाठी लाईट तोडायच्या आधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हे वीज कायद्याच्या कलम ५६ मध्ये आहे. म्हणजे संध्याकाळी लाइनमन खांबावर चढला म्हणून घाबरून सावकाराकडे पळायची गरज नाही, नोटीस कधी दिली ते विचारा.

सावकाराचा हिशोब एकदा कागदावर मांडा. २० हजार घेतले महिना दहा टक्क्याने, म्हणजे महिन्याला २ हजार नुसतं व्याज, वर्षात २४ हजार गेले अन् मुद्दल २० हजार तसंच उभं. महाराष्ट्रात सावकारीचा २०१४ चा कायदा आहे, त्याप्रमाणे लायसन असलेल्या सावकाराला सुद्धा बिगरशेतकऱ्याला बिनतारण कर्जावर वर्षाला १८ टक्केच लावता येतं, त्याच २० हजारांवर वर्षाचे ३ हजार ६०० होतात. लायसनच नसेल तर तो गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. तरी लोक तिकडे जात नाहीत, कारण सावकार गल्लीतलाच असतो, लग्नात पंगतीला शेजारी बसलेला असतो, अन् कोरा चेक त्याच्याकडे असतो. कोरा चेक अन् कोऱ्या स्टॅम्पवर सही, या दोन गोष्टी कितीही अडचण असू द्या, देऊ नका. चेक बाऊन्स झाला तर ती फौजदारी केस होते. साधं कर्ज थकलं तर पोलीस धरून नेत नाहीत, पण चेकचं प्रकरण कोर्टात जातं अन् त्यात शिक्षा होऊ शकते.

गटाच्या कर्जाबद्दल, म्हणजे बायका गट करून एकमेकींच्या भरवशावर फायनान्स कंपनीकडून घेतात त्याबद्दल, जरा जास्त लिहितो कारण आमच्या पूर्वभागात, म्हणजे शहराच्या पूर्वेकडच्या कामगार वस्तीत, ते घराघरात आहे. शेजारच्या अक्का विड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात तंबाखू अन् कापलेली पानं, बोटं चालूच, बाजूला फरशीवर मोबाईल पालथा घातलेला, तो थरथरत थरथरत सरकत जातो, अक्का बघत नाहीत, हजाराचा हिशोब चुकेल म्हणून. तीन गटांचं कर्ज, एकाचा हप्ता भरायला दुसऱ्यातून उचललेलं. मीटिंगला एकीचा हप्ता आला नाही की बाकीच्या बायकांना तासन्‌तास बसवून ठेवतात, मग त्याच बायका त्या एकीच्या दारात जाऊन भांडतात. वर्षानुवर्षांची शेजारधर्माची माणसं एकमेकींचं तोंड बघेनाशी झालीत ओ, हे मला सगळ्यात वाईट वाटतं.

मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने मायक्रोफायनान्सचे, म्हणजे अशा छोट्या कर्जांचे, नियम काढले. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत आहे त्याला दिलेलं बिनतारण कर्ज यात येतं. त्या घराचे सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, हे तपासायची जबाबदारी कर्ज देणाऱ्याची. म्हणजे घरात महिन्याला १६ हजार येत असतील तर सगळे हप्ते मिळून ८ हजारांच्या आत. वसुली दोघांनी ठरवलेल्या जागी करायची, लागोपाठ दोन वेळा किंवा जास्त वेळा बाई तिथं आली नाही तरच घरी किंवा कामावर जाता येतं. सकाळी ९ च्या आधी अन् संध्याकाळी ६ नंतर फोन नाही. धमकी नाही, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना, मैत्रिणींना, कामावरच्या लोकांना त्रास द्यायचा नाही. दंड लावला तर थकलेल्या रकमेवरच, अख्ख्या कर्जावर नाही. बँका अन् बाकी फायनान्स कंपन्यांच्या थकीत कर्जासाठी ऑगस्ट २०२२ च्या पत्रकाप्रमाणे सकाळी ८ ते संध्याकाळी ७ ही वेळ आहे. मग रात्री साडेनऊला दारात बसून राहणारा कुठल्या नियमाने बसतो? त्याला ओळखपत्र अन् कंपनीचं पत्र मागा, फोटो काढा, तारीख-वेळ वहीत लिहा. उठत नसेल तर ११२ ला फोन करा. पैसे दिलेत तर पावती घ्या, वसुलीवाल्याच्या स्वतःच्या फोनपेवर एक रुपया टाकू नका, तो पैसा खात्यात जमा झालाच नाही असं नंतर ऐकावं लागतं.

ॲपवाल्यांना तुमच्या मोबाईलमधले नंबर, फोटो, कॉल लिस्ट बघायला परवानगी नाही, कर्ज थेट तुमच्याच बँक खात्यात यायला पाहिजे. फोटोशी छेडछाड करून सगळ्या ओळखीच्यांना पाठवतो अशी धमकी आली तर ती वसुली नाही, सायबर गुन्हा आहे, १९३० वर सांगा. घाबरून पैसे भरले की दुसऱ्या दिवशी परत मागतात.

आधी कुणाला द्यायचे, मी कारखान्यातल्या लोकांना असं सांगतो. पगार आला की किराणा, भाडं, लाईट, औषध, शाळा बाजूला काढा. मग ज्याच्यामागे वस्तू जाऊ शकते ते, म्हणजे तारण ठेवलेलं सोनं किंवा हप्त्यावरची गाडी, अन् चेक दिलेला असेल तर तो. राहिलेलं बाकीच्यांना थोडं थोडं, आणि ते सुद्धा तोंडी नाही, कंपनीला अर्ज लिहून की माझं काम कमी झालंय, मला महिन्याला एवढेच जमतील, मुदत वाढवून द्या. एक हप्ता भरायला दुसरीकडून उचलू नका. सेटलमेंट, म्हणजे कमी रकमेत कर्ज मिटवणार असाल तर आधी कंपनीचं पत्र हातात घ्या मग पैसे, शेवटी नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र घ्या, आणि सेटल केलं की सिबिलला, म्हणजे बँका बघतात त्या कर्जाच्या नोंदीत, तसं दिसतं हे धरून चाला. कंपनीने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८. पतसंस्थेचं कर्ज यात येत नाही, तिथे उपनिबंधकांकडेच जावं लागतं, अन् जामीनदाराला पण नोटीस येते म्हणून त्याला आधीच सगळं सांगून ठेवलेलं बरं.

आणि मनात भलतंसलतं येत असेल तर १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्री पण लागतो. घरात बोलता येत नाही ते तिथं बोला.

संपादक साहेब, तुम्हाला विनंती आहे की हे वेळेचे नियम अन् नंबर एका चौकटीत मराठीत अन् तेलुगूत छापा, आमच्या भागातल्या कित्येक तेलुगू म्हाताऱ्या बायकांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, त्यांची नातवंडं वाचून दाखवतील. कारखानदारांनी पगाराच्या दिवशी वसुलीवाल्यांना गेटपासून लांब ठेवावं, एवढं वॉचमनला सांगितलं तरी पुष्कळ. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना अन् औद्योगिक कामगारांना पण मिळतो, १५१०० वर फोन करता येतो. पण सकाळी अकराला कोर्टात यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. तेव्हा प्राधिकरणाने कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी पूर्वभागात किंवा कुंभारीला विडी घरकुलात (विडी कामगारांच्या वसाहतीत) शिबिर घ्यावं, कर्जाची कागदं घेऊन या म्हणून सांगावं. तारीख ठरली की आठवडाभर आधी पेपरात छापा, आमच्या लाइनीतल्या कारखान्यांच्या गेटवर कागद चिकटवायचं काम माझ्याकडे लागलं.

आपला,
एक वाचक,
अशोक चौक परिसर, सोलापूर