नदीचे पाणी फुटांत मोजून भागणार नाही

मा. संपादक,
स. न.

पावसाळ्यात आपला अंक हाती आला की आमच्या घरी आधी एकच चौकट वाचली जाते. कोयनेत किती टीएमसी, वारणेत किती, आयर्विन पुलाजवळ किती फूट. २०१९ चा महापूर ज्याने पाहिला त्याला ही सवय कुणी लावावी लागत नाही. उन्हाळा आला की ती चौकट जाते आणि एखाद्या सकाळी तिच्या जागी काठाला लागलेल्या मेलेल्या माशांचा फोटो येतो. खाली ठरलेल्या दोन ओळी : पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला, पाण्याचे नमुने घेतले. त्या दोन ओळी खोट्या नसतात, पण अर्ध्या असतात. उरलेला अर्धा म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. त्याबद्दल हे पत्र.

मी शास्त्रज्ञ नव्हे. तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि बागेसाठी खोदलेल्या शेततळ्यात थोडे मासे पाळतो. पहिल्या वर्षी रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, आणली. शेततळे नवे, कागद नवा, त्यात नुसते पावसाचे पाणी. तळाचा खडा मोजावा इतके नितळ. पिशव्या सोडल्या, तोंडे कापली आणि बोटुकली थेट पाण्यात ओतली. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मी तरंगत होती. बीज देणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, आमच्याकडे तर चांगली खेळत होती. खरेच खेळत होती, मी स्वतः पाहिली होती. त्याच्याकडचे पाणी बोअरचे, साबणाला फेस न येणारे. दोष त्याचा नव्हता, माझा होता. पाण्याच्या तापमानातला फरकही नडला असणार, पण खरी गोम मला नदीकाठच्या एका म्हाताऱ्या भोयाने सांगितली. तो पाण्यात हात घालून म्हणाला, “दादा, हे पाणी लई हलकं हाय. ह्यात मीठ न्हाई, चुना न्हाई. पोरं धरायची कशाला?”

बागेला खते सोडण्यासाठी घेतलेला ईसी मीटर घरातच होता. पाण्यात एकूण क्षार किती, हे त्यावर कळते. शेततळ्यात बुडवला तर विहिरीच्या पाण्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही आकडा आला नाही. तेव्हापासून जमेल तसे वाचत, विचारत गेलो.

गोड्या पाण्यातल्या माशाचे रक्त गोडे नसते. त्यात लिटरमागे साधारण आठ-नऊ ग्रॅम मिठाइतके क्षार असतात. दवाखान्यात लावतात त्या ०.९ टक्क्याच्या सलाइनच्या बाटलीसारखेच म्हणा. बाहेर नदीत मात्र लिटरमागे अर्धा ग्रॅमही क्षार बहुधा नसतात. कल्ल्याची कातडी इतकी पातळ, की बाहेरचे पाणी सतत आत झिरपते आणि आतले मीठ सतत बाहेर निसटते. मासा पाणी जवळजवळ पीतच नाही, तरी आत आलेले पाणी उपसायला त्याची मूत्रपिंडे रात्रंदिवस चालतात. दिवसाला स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकी, काही जातींत त्याहून जास्त, पातळ लघवी तो करतो. पावसाळ्यात विहीर बांधताना मोटार बंद करता येत नाही, तसला प्रकार.

आणि गेलेले मीठ? थोडे खाण्यातून परत येते, बाकीचे कल्ल्यातल्या खास पेशी नदीच्या पाण्यातून कणाकणाने ओढून घेतात. बाहेर सोडियम-क्लोराइड नावापुरते आणि आत शेकडो पट, तरी बाहेरून आत. हे उताराच्या उलट पाणी चढवणे आहे. म्हैसाळचे पाणी जतकडे चढवायला वीज लागते, तशी माशालाही यासाठी ताकद खर्चावी लागते. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोघ यांनी १९३० च्या दशकात गोल्डफिशवर हे दाखवून दिले. आधी क्षार नसलेल्या पाण्यात ठेवून त्यांनी माशांच्या अंगातले मीठ कमी केले, मग अगदी विरळ क्षाराच्या पाण्यात सोडले. माशांनी त्या पाण्यातूनही क्लोराइड ओढून घेतले.

भोयाने चुन्याचे नाव काढले होते, तेही उगीच नाही. पाण्यातले कॅल्शियम कल्ल्याच्या पेशींमधल्या फटी घट्ट धरून ठेवते. ते असले की गळती कमी, ते नसले की कल्ला चाळणीसारखा. नॉर्वेच्या दक्षिणेकडच्या नद्यांत आम्लवर्षेने मासे संपले त्यातही हेच झाले. तिथले पाणी मुळातच मऊ, म्हणजे चुना-क्षार कमी असलेले, त्यात आम्ल आणि जमिनीतून सुटलेले ॲल्युमिनियम. माशांच्या अंगातले सोडियम कल्ल्यांवाटे वाहून गेले. पुढे त्या नद्यांत चुना टाकावा लागला.

आता आपला जिल्हा बघा. कोयना आणि वारणा सह्याद्रीच्या धुवाधार पावसाचे पाणी आणतात. ते कातळावरून झरझर उतरते, त्याला क्षार उचलायला सवड नसते. येरळा येते खटाव-खानापूरच्या दुष्काळी मुलखातून, काळ्या रानातून, चुनखडीतून, आणि तिचे जड पाणी ब्रह्मनाळला कृष्णेत मिसळते. अग्रणीचे पाणीही तसेच जड. म्हणजे ब्रह्मनाळच्या वर-खाली, हरिपूरच्या संगमाच्या अलीकडे-पलीकडे माशाला वेगवेगळे पाणी भेटते. नदीच्या माशाला याची सवय असते. पाणी मऊ झाले की तो कल्ल्यांत मीठ ओढणाऱ्या पेशी वाढवतो. पण त्याला दिवस लागतात, तासाभरात ते होत नाही. माझ्या बोटुकलीला मी पाच मिनिटेसुद्धा दिली नव्हती.

आता ऑक्सिजनच्या त्या ओळीकडे येतो. मासा श्वास घेतो तो कल्ल्याने आणि मीठ सांभाळतो तेही कल्ल्यानेच. उन्हाळ्यात बंधाऱ्यात तुंबलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी पडला की तो जोरजोरात कल्ले हलवतो, कल्ल्यांतून जास्त रक्त फिरवतो, आणि तितकेच मीठ जास्त गळते. धडपडीने आणि भीतीनेही हेच होते, म्हणून बीज वाहून नेणारे टाकीत थोडे मीठ घालतात. तेव्हा ‘ऑक्सिजन कमी’ हे खरे कारण असले तरी त्या पाण्यात क्षार किती होते, अचानक कमी-जास्त झाले का, हे विचारल्याशिवाय मासा कशाने मेला ते पुरते कळत नाही.

सांडपाण्याची गोष्ट तर याहून वाईट. गटारातल्या अमोनियापासून जिवाणू नायट्राइट बनवतात. कल्ल्याचा क्लोराइड आत घेणारा दरवाजा नायट्राइटलाही क्लोराइड समजून आत घेतो. मग रक्त तपकिरी पडते आणि ऑक्सिजन वाहून नेईनासे होते. भोवती ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. पाण्यात क्लोराइड भरपूर असेल तर नायट्राइटला दाटीत आत शिरता येत नाही, म्हणूनच असे झाल्यावर तळ्यात मीठ टाकतात. नदीवर नमुने घेणाऱ्यांनी तडफडणाऱ्या एखाद्या माशाचा कल्ला उचलून रक्ताचा रंग पाहिला, असे बातमीत मी कधी वाचले नाही. त्याला प्रयोगशाळाही लागत नाही.

उलट्या बाजूनेही भीती आहे. वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यात पाण्याच्या अतिरेकाने क्षारपड झालेली राने आपण पाहतोच. ती सुधारायला जमिनीत सच्छिद्र पाइप घालतात. चांगले काम आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्या पाइपातून निघालेले क्षार ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जातात. क्षार वाढत गेले तर चिलापीला (तिलापियाला) फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे आधी आलेली चिलापी मोझांबिकची, ती समुद्राच्या पाण्यातही जगते. तिथे गेली की तिचे कल्ले काम उलटे करतात, मीठ आत घेण्याऐवजी बाहेर टाकतात. मरळीला ते जमत नाही. बाजारात चिलापीचे ढीग आणि मरळ शोधावी लागते, याची कारणे अनेक आहेत. एक कारण पाण्यात विरघळलेले आहे का, ते तपासायला हवे.

द्राक्षवाले दरवर्षी पाण्याची तपासणी करतात, देठ परीक्षण करतात, सोडियम वाढले तर पानांच्या कडा करपायच्या आत धावपळ करतात. नदीची मात्र अशी तपासणी झाली तरी तिचे आकडे आपल्या वाचकापर्यंत येत नाहीत. माझी मागणी छोटी आहे. कराडचा प्रीतिसंगम, ब्रह्मनाळ, आयर्विन पूल, हरिपूर आणि म्हैसाळ बंधारा, एवढ्या पाच ठिकाणचा ईसीचा आकडा आठवड्यातून एकदा आपण टीएमसी आणि फुटांच्या शेजारी छापावा. मासे मेल्याची बातमी येईल तेव्हा ऑक्सिजनबरोबर नायट्राइट, क्लोराइड आणि कॅल्शियमचेही आकडे संबंधित खात्याकडे मागावेत, तेही नमुना कोणत्या दिवशी, किती वाजता घेतला ते विचारून. मासे मेल्यावर दोन दिवसांनी घेतलेला नमुना म्हणजे पुढे वाहून आलेले दुसरेच पाणी.

मीटर शेतीच्या दुकानात मिळतो, कॉलेजची पोरेही हे काम करतील. ब्रह्मनाळला माझे पाहुणे आहेत. तिथला दर रविवारचा आकडा, संगमाच्या वरचा आणि खालचा, पाठवायला मी तयार आहे. जागा दोन ओळींचीच लागेल.

आपला,
एक वाचक व द्राक्ष बागायतदार
तासगाव तालुका, जि. सांगली